कुडामागचे कापड

नदीवरून पाण्याची घागर घेऊन परतणारी जतन पाय किंचित फाकवून चालत होती, आणि सुपातली बाजरी पाखडणाऱ्या सज्जनबाईचे हात थांबले. मुलगी दमली असावी, काटा रुतला असावा, नवा घागरा बोचत असावा. अशी निरुपद्रवी कारणे मनाने भराभर पुढे केली आणि त्याच गतीने मागे घेतली, कारण काटा रुतलेले माणूस एका पायाने लंगडते. जतन दोन्ही पायांनी जपून चालत होती. घागर उतरवून घेताना सज्जनबाईने विचारले, तेव्हा ती आधी "काही नाही, बाई" म्हणाली. आईला त्यांच्या घरात बाई म्हणत. मग आजी जवळपास नाही हे पाहून तिने जांघेवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "इथं दुखतं." सज्जनबाईने घागऱ्यावरूनच दोन बोटांनी चाचपले. बोटांखाली बोराच्या आठोळीएवढे काहीतरी होते, दाबले की सरकणारे. तिचा हात तिने न सांगता मागे आला. प्लेगच्या त्या वर्षी जुन्नरात जांघेतल्या गाठीचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता. तिच्यामुळेच तर बाजारपेठेतली दुकाने कड्या घालून बंद होती, तिच्यामुळेच कापडाचे व्यापारी, तांबट, सोनार, सगळे कुकडीकाठच्या माळावर कुडाच्या झोपड्या घालून पौषाची थंडी काढीत होते. आणि आज दुपारी सरकारी डॉक्टरबरोबर सरूबाई येणार होती. सरूबाई सुईण होती. बायकांच्या काखा आणि जांघा लुगड्यावरून चाचपून पाहण्याचे काम तिच्याकडे दिले होते. तिच्या हाताला गाठ लागली की ती मोठ्याने ओरडून सांगे, आणि तट्ट्या लावलेली गाडी माणसाला ओढ्यापलीकडच्या छावणीत घेऊन जाई. तिकडे गेलेल्यांपैकी परतलेल्यांची नावे माळावर सर्वांना पाठ होती, इतकी ती थोडी होती.

लपवायचे, हा पहिला विचार. तो विचार नव्हताच, ती सवय होती. माळावरच्या प्रत्येक झोपडीत ती होती. मुलीला धान्याच्या पोत्यामागे निजवता येईल, मावशीकडे मंचरला गेली म्हणून सांगता येईल. सज्जनबाईने मुलीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होते, नदीच्या वाऱ्याने जास्तच गार. जीभ काढायला सांगितली. जीभ स्वच्छ होती. डोळे पाहिले. साथ सज्जनबाईने जवळून पाहिली होती. तिच्यात ताप आधी येतो, डोळे तांबारतात, माणूस दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाते, आणि गाठीला वारा लागलेलाही सोसत नाही. या मुलीने आत्ता नदीवरून भरलेली घागर डोक्यावर आणली होती. सज्जनबाईच्या डोक्यातल्या गोंधळात स्वतःच्या पायावर उभे राहिलेले हे पहिले वाक्य: जिला साथ लागली आहे ती पाणी भरायला जात नाही. मग ही गाठ कशाची? या प्रश्नाचे उत्तर तिला कुठेतरी ठाऊक होते, असे तिला वाटले. जसे अंधाऱ्या खोलीत हात न लावताही खुंटी कुठे आहे ते ठाऊक असते. पण त्या खुंटीकडे हात न्यायचा म्हणजे जे कधी बोलले जात नाही ते बोलावे लागणार होते, मुलीशीदेखील.

गेंदाला कुणी विचारले नव्हते. गेंदा ही तिची नणंद. पहिली साथ आली तेव्हा ती माहेरपणाला आली होती. ती अशीच जपून चालायची, अशीच "काही नाही, भाभी" म्हणायची. एके दिवशी ताप आला, सरूबाईच्या आधीच्या बाईने जांघ चाचपली, गाडी आली, आणि गेंदा तट्ट्याच्या फटीतून आईकडे पाहत गेली. छावणीतच ती वारली. घरात त्याबद्दल बोलताना साथीने गेली असेच म्हणत, आणि तसेच असेलही. साथ त्या दिवसांत घरोघर होती. पण घर धुऊन काढताना मागच्या बोळात, भिंतीच्या कोनाड्यात, गोणपाटाखाली सज्जनबाईला गेंदाची कापडे सापडली होती. ती वाळलेली नव्हती आणि ओलीही नव्हती. त्यांच्यावर काळे ठिपके पडले होते, घडी उलगडताना ती चिकटून येत होती, आणि त्यांना तळघरात राहिलेल्या पोत्यासारखा वास येत होता. तिने ती जाळून टाकली. त्यावरून काही सिद्ध होत नव्हते, हे सज्जनबाई स्वतःला तेव्हाही बजावीत असे. कापड बुरसलेले होते, गाठ आली होती, माणूस मेले होते. या तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीतून दुसरी निघाली असे म्हणता येत नाही. मात्र उलटेही कुणी सिद्ध केले नव्हते. कुणी पाहिलेच नव्हते. पाहण्यासाठी त्या कापडाचे नाव घ्यावे लागले असते, आणि नाव घेण्यापेक्षा साथ म्हणणे सगळ्यांना सोपे गेले.

"कापड कुठं वाळवतेस?" तिने जतनला विचारले. प्रश्न तोंडातून गेला तेव्हा तिचे कान गरम झाले. जतनची मान खाली गेली ती वर येईना. तिचे बाहेर बसणे मार्गशीर्षात सुरू झाले होते. घरी असते तर मागची खोली होती. इथे आजीने झोपडीच्या टोकाला घोंगडी टाकून तिला तिथे बसवले होते आणि सांगितले होते तेवढेच, की कुणाच्या नजरेला काही पडता कामा नये, पुरुषाच्या नजरेला तर नाहीच. "बोल ना." "दादींनी सांगितलं तिथं." "कुठं?" "कुडाच्या मागं. पोत्याखाली." "वाळतं का तिथं?" मुलीने घागऱ्याची कड चाचपली. मग जमिनीकडे पाहूनच म्हणाली, "नाही वाळत. दव पडतं ना. मग तसंच घेते." आणि मग, सगळे एकदम सांगून टाकावे तसे, "सोललंय, बाई. मला वाटलं मी मरणार, गेंदाआत्यासारखी. म्हणून नाही सांगितलं."

कुडामागे ऊन येत नव्हते. कुड आणि बांध यांच्यामधल्या सांदीत एक सुतळी बांधली होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि तिच्यावरून पोते सोडले होते. सज्जनबाईने पोते उचलले. खाली कापडे होती, घडी घातलेली. तिने एक दमट घडी उलगडली, आणि तिला गेंदा आठवली नाही, दुकान आठवले. तिच्या नवऱ्याचे, धरमचंदचे, कापडाचे दुकान पेठेत जुने होते. पावसाळा सरला की दुकानातले ठाण न् ठाण बाहेर काढून उन्हात टाकले जाई. एका वर्षी गड्याने दमट धोतरजोडी तशीच घडी करून फळीवर ठेवली, तेव्हा शांत स्वभावाचा धरमचंद रस्त्यावर ऐकू जाईल असा ओरडला होता, की कापडाला ओल म्हणजे मरण, ओली घडी घालणारा माणूस मला दुकानात नको. तिच्या घरात हे लहान मुलालाही ठाऊक होते. दिवसभर कापड विकणारे, कापडाचा पोत बोटाने आणि ओल गालाने ओळखणारे हे घर आपल्या बायकांच्या अंगाला लागणारे कापड मात्र ओले घडी करून अंधारात ठेवीत होते, आणि पिढ्यानपिढ्या त्यात कुणाला विसंगती दिसली नव्हती. तिलाही दिसली नव्हती. तिने स्वतः किती वर्षे तसेच कापड घेतले होते, किती वेळा खाज आणि जळजळ सोसून ती बायकांची रीतच आहे असे धरले होते! एकदा तर घडीत घोण निघाली होती. ती झटकून टाकून तिने तेच कापड घेतले होते, कारण दुसरे वाळले नव्हते. त्या आठवणीने तिला आता रडू आले नाही. तिला एखादा हिशेब इतकी वर्षे चुकीचा मांडला होता हे कळल्यावर येतो तसा राग आला, आणि तो राग स्वच्छ होता, कामाला लावता येण्याजोगा.

पलीकडच्या वावरात बेल्ह्याकडच्या धनगरांची मेंढरे खतासाठी बसवली होती. बानूबाई बांधावर उभी राहून लोकर चाती­वर पिळत होती. साथ नसताना ती दुकानात घोंगड्या घेऊन येई. सज्जनबाईची सासू उगमबाई बाहेर बसणाऱ्या बायकांसाठी तिच्याकडूनच घोंगडी घेत, कारण लोकरीला विटाळ लागत नाही. सज्जनबाईच्या हातातले कापड पाहून ती न लाजता म्हणाली, "बाभळीवर टाका की, शेठाणी. आमी काट्यावरच टाकतो. वारंबी लागतं, उडूनबी जात न्हाई." "आणि गडी माणसं बघतात ते?" "बघू द्या. त्यास्नी काय, मेंढरं मोजायची पडल्याली असतात." ती हसली. "शिवताशिवत नाही पाळत तुम्ही?" बानूबाईचा चेहरा एकदम गंभीर झाला. "पाळतो तर! विणाऱ्या मेंढीच्या वाड्यात पाऊल टाकत न्हाई मी तवा. कोकरू मरंल की वो!" सज्जनबाई परत फिरली. हिच्या रीतीत कोकरू मरते, आपल्या रीतीत सावली पडली तर पापड लाल होतात. धनगरांचे पापड लाल होत नसत, कारण ते पापड करीत नसत. आणि आपल्या घरी कोकरे नव्हती. रक्त मात्र एकच होते. ज्याचे परिणाम घराघरात जे असेल त्याप्रमाणे बदलतात, ते रक्ताचे परिणाम नसावेत. हा निष्कर्ष तिने मनात दोनदा तपासला, कुठे भेग सापडेना.

तिने तीन दगड मांडून वेगळी चूल केली आणि न्हाणीचे तपेले चढवले. उगमबाई सामायिक, म्हणजे जैनांची दोन घटकांची ध्यानाची बैठक, करून उठल्या होत्या. सासूच्या त्या धर्मक्रियेत व्यत्यय येऊ नये एवढ्यासाठी सज्जनबाई थांबली होती, बाकी कशासाठी नाही. उगमबाईंनी तपेल्यात पाहिले आणि पदर नाकाला लावला. सुनेला त्या बीनणी म्हणत. "बीनणी! हे काय मांडलंस उघड्यावर?" "कापड उकळते, सासूजी. मग उन्हात टाकणार." "उन्हात कुठं?" "समोर. मागं ऊन नाही." उगमबाई खाली बसल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. गेंदाचे नाव काढले की त्यांचा आवाज अजून बदलत असे. "लोकं काय म्हणतील हे नको सांगू मला, मला माहीत आहे काय म्हणतील. घरात लग्नाची पोर आहे. तिचं बाहेर बसणं दोरीवर टांगतेस तू?" "तिला जांघेत गाठ आली आहे." उगमबाईंचा हात छातीवर गेला. "साथ नाही. ताप नाही तिला. ओल्या कापडानं कातडं सोललंय, त्याची गाठ आहे ती." "तुला काय ठाऊक?" "मला ठाऊक नाही. मला वाटतं. पण आपण लोणच्यावर बुरशी येऊ देत नाही ना? लीलण-फूलण म्हणता तुम्ही, एका ठिपक्यात अनंत जीव. बरणीचं झाकण दमट राहिलं तर मला बोलता. मग हे बघा." तिने अजून तपेल्यात न टाकलेले कापड पुढे धरले. काळे ठिपके उन्हात स्पष्ट दिसत होते. उगमबाईंनी ते पाहिले. इतक्या वर्षांत कदाचित प्रथमच पाहिले. मग त्यांचे शेवटचे शस्त्र आले, आणि ते प्रामाणिक होते: "उकळलंस तर ते जीव मरतील. पाप कुणाला?" "वाळवलं असतं तर ते झालेच नसते," सज्जनबाई म्हणाली. "पाप पोत्याखाली ठेवणाऱ्याला."

दोरी झोपडीच्या समोरच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत बांधली. पहिले कापड तिने दोन्ही टोके ओढून, सरळ पसरून टाकले. माळावर वारा होता. शेजारच्या झोपडीतून तांबटांची प्रयागबाई बाहेर आली, क्षणभर थबकली, आणि आतल्या कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अगंबाई, कापडाच्या दुकानदारांनी माळावरच दुकान मांडलं की!" आतून हसू आले. सज्जनबाईचा चेहरा तापला. लाज ही काय वस्तू आहे, तिने स्वतःला विचारले. कानांची आग, घशातली कोरड, पाठीवरचा घाम. ताप यापेक्षा जास्त असतो आणि यापेक्षा जास्त वेळ टिकतो. तिने पुढचे कापड टाकले. तेवढ्यात धरमचंद गावाच्या वेशीकडून आला. दुकानाची कुलुपे पाहायला तो रोज जाऊन येत असे. दोरी पाहून तो थांबला. त्याला आधी कळले नाही, मग कळले, आणि त्याने डोळे दुसरीकडे वळवले. "अगं, आत घे ते. डॉक्टर येतील आता." "म्हणूनच टाकलंय." "वेड लागलंय का तुला?" तो हलक्या आवाजात ओरडला. तिने विचारले, "दुकानात ओली घडी घालणाऱ्या गड्याला तुम्ही काय म्हणता?" त्याची नजर दोरीवर परत आली. मग तिने त्याला जतनच्या गाठीचे सांगितले, थोडक्यात, जितके शब्द लागतील तितकेच. त्याच्या ओठांचा रंग उतरला. तो आत गेला नाही आणि निघूनही गेला नाही. दोरीकडे पाठ करून, पण दोरीच्या जवळच, दगडावर बसून राहिला.

डॉक्टर तरुण होता, कोट घातलेला, नावे लिहून घेणारा कारकून मागे. सरूबाई पुढे. तिने उगमबाईंना चाचपले, सज्जनबाईला चाचपले, आणि मग जतनच्या जांघेवर तिचा हात थांबला. सज्जनबाईला ठाऊक होते तो हात थांबणार. तरी तो थांबला तेव्हा ती जतनच्या आणखी जवळ सरकली. "डाक्टरसाब, हितं गाठ हाय!" सरूबाईचा आवाज साऱ्या माळाला पोचला. आसपासच्या झोपड्यांची दारे पटापट ओढली गेली. कारकुनाने पेन्सिल काढली. जतनने आवाज केला नाही, फक्त आईचा पदर धरला, आणि धरमचंद उभा राहिला. पण त्याच्या तोंडून शब्द निघेना, आणि निघणार नाही हे सज्जनबाईला दिसले. परक्या पुरुषाशी ती आयुष्यात बोलली नव्हती. तिने पदर कपाळावरून हनुवटीपर्यंत ओढला, आणि त्या पदराच्या आतून, ओरडून नव्हे, पण शेजारच्या बंद दारांनाही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "गाठ साथीची नाही. मुलगी बाहेर बसते. कापड वाळत नव्हतं, ओलं घेतलं, कातडं सोललं, त्याची गाठ आहे. तुम्ही आधी ताप बघा."

डॉक्टरने वर पाहिले. "कसलं कापड?" असे त्याने विचारले, आणि विचारता विचारताच त्याला कळले असावे, कारण त्याचे कान लाल झाले. सज्जनबाईने दोरीकडे बोट केले. तो दोरीकडे पाहून लगेच खाली पाहू लागला. शिकलेला माणूस आहे, तिला वाटले. याने प्रेते चिरून पाहिली असतील, आणि याला दोरीकडे बघवत नाही. तिला त्याची थोडी दया आली, आणि त्या दयेने तिचा आवाज आणखी स्थिर झाला. "सरूबाईंना आत नेऊन जखम बघू द्या. तुम्ही ताप बघा." त्याने काचेची नळी जतनच्या जिभेखाली ठेवली. कारकून पेन्सिल धरून उभा होता. सरूबाई मुलीला घेऊन आत गेली, बाहेर आली, आणि या वेळी ओरडली नाही. "खरं हाय, साहेब. लई सोललंय पोरीचं. कातडीचं दुखणं हाय त्ये. अशी गाठ म्या बाळंतिणींत बघितलीया." मग सज्जनबाईकडे वळून, जरा चिडून, "आधी बोलायचं न्हाई व्हय? म्या काय, हाताला लागंल ते सांगती." डॉक्टर नळी उन्हाला धरून पाहत होता. ताप नव्हता. त्याने तिची नाडी धरून पाहिली, डोळे पाहिले, आणि शेवटी म्हणाला, कारकुनाकडे तोंड करून, "लिहू नका. परवा पुन्हा पाहू. तोवर कुणी झोपडी सोडायची नाही. ताप आला तर मात्र गाडी येईल." "येऊ द्या," सज्जनबाई म्हणाली. "पण ताप बघूनच."

ते दोन दिवस तिने फारसे काही वाटून घेतले नाही. कपाळावर हात ठेवणे, खोबरेल कढत करून गार झाल्यावर लावणे, तपेले चढवणे, दोरीवरचे कापड एका बाजूने वाळले की उलटणे. खात्री तिला नव्हती. साथ उशिरा चढते असेही लोक म्हणत. मुलगी निजली की तिच्या श्वासाकडे कान लागत. आपण बरोबर असू किंवा नसू, पण मुलगी गेलीच तर ती कशाने गेली हे या वेळी कुणीतरी पाहिलेले असेल, एवढे तिने पक्के धरले होते, आणि हे धरणे आशेपेक्षा कठीण होते व जास्त टिकाऊ. उगमबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. मात्र दुसऱ्या सकाळी पाहिले तर दोरीवर राहिलेले एक कापड रात्री दव पडायच्या आत काढून कुणीतरी घडी करून आत ठेवले होते. घडी कोरडी होती, आणि तिच्या कडा जुन्या वळणाने, नीट जुळवलेल्या होत्या. जतन बाहेर येत नव्हती. माळावर आता सर्वांना माहीत आहे, ती म्हणाली. "हो," सज्जनबाई म्हणाली. "गाडी आली असती तरी सर्वांना माहीत झालंच असतं."

डॉक्टर आला तेव्हा जतनची गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी उरली होती. सरूबाईला ती शोधावी लागली. ताप नव्हताच. डॉक्टरने समाधानाने मान हलवली, वळला, आणि मग थांबला. झोपड्यांच्या पलीकडे पाहत, घसा साफ करून, त्याने विचारले, "उपाय काय केलात? म्हणजे, आणखी कुठं अशी गाठ आढळली तर... सांगायला." सज्जनबाईने पदर सावरला. पण ती बोलण्याआधीच झोपडीच्या दारातून, उन्हात एक पाऊल टाकून, मुलगी बोलली. तिचा आवाज कापत होता आणि ती डॉक्टरच्या तोंडाकडे सरळ पाहत होती.

"उकळतो," जतन म्हणाली. "आणि समोर वाळवतो. दोन्ही बाजूंनी."